उघाडी

१२ एप्रिल, माहीम (पालघरजवळ)

अण्णांच्या पावसाच्या वह्या आज माळ्यावरून काढून उन्हात घातल्या. दोन वह्यांना कसर लागली आहे. १७ मे २०२१च्या पानावर त्यांनी पेन्सिलीने लिहिलंय, ‘वादळ. सुपाऱ्या आडव्या झाल्या. लाईट दुपारीच गेली.’ खाली दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला घेतलेलं माप. काचेच्या नळीला लाईट लागत नाही.

माझ्या पाऊस मोजायच्या यंत्राची त्या दिवसाची फाईल मी जपून ठेवली आहे. दुपारी दोन वाजून अकरा मिनिटांनी ती थांबते आणि चार दिवसांनी पुन्हा सुरू होते. तौक्ते वादळ आमच्या समोरून, दर्यातून, वर गुजरातेकडे गेलं. जाताना अख्खी वाडी झोडपून गेलं आणि माझ्या आकड्यांत त्या चार दिवसांत थेंबसुद्धा नाही. नंतरच्या प्रत्येक पावसाळ्यात तीच गत. रिमझिम असली की यंत्र इमानाने मोजतं. तारेवर फांदी पडावी असा पाऊस आला की लाईट जाते आणि मोजणी बंद. म्हणजे जो पाऊस मोजायचा, नेमका तोच निसटतो.

यंदा मृगाआधी यंत्राला बॅटरी लावायची. चार आठवडे टाळलेलं काम आहे, म्हणून इथे तारीख घालून लिहून ठेवते.

१३ एप्रिल, माहीम

यंत्र तसं साधं आहे. सोळा सेंटिमीटर तोंडाचं नरसाळं, म्हणजे साधारण दोनशे चौरस सेंटिमीटर. त्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला की वीस मिलिलिटर पाणी जमतं. खाली दोन खणांचं डुलतं पात्र आहे. एका खणात पाच मिलिलिटर भरलं की ते कलतं, रितं होतं आणि दुसरा खण नरसाळ्याखाली येतो. पात्राला लोहचुंबक चिकटवलाय. कलताना तो रीड स्विचसमोरून जातो आणि ईएसपी३२ बोर्ड एक आकडा पुढे सरकवतो. एक कल म्हणजे पाव मिलिमीटर. बोर्डाला वीज मिळते मोबाईलच्या जुन्या चार्जरमधून, पडवीतल्या प्लगवर.

पहिला प्रयोग पॉवर बँकेचा. सगळे आधी तेच करतात. मधे पॉवर बँक ठेवली, ती भिंतीतून चार्ज होतेय आणि बोर्डाला वीज देतेय. प्लग काढला तसा बोर्ड रीसेट झाला, कारण भिंतीवरून सेलवर येताना ही बँक क्षणभर श्वास घेते. वायफाय बंद करून पाहिलं तर वेगळीच अडचण : बोर्ड इतकी कमी वीज ओढतो की फोन पूर्ण भरला असं समजून बँक आपोआप बंद होते. ती फोनसाठी बनवलेली, तिचा काही दोष नाही. बाजूला ठेवली.

१९ एप्रिल, पालघर

सुट्टी टाकून ग्रँट रोडला उतरले आणि लॅमिंग्टन रोड पालथा घातला. एका दुकानात १८६५० सेल मिळाले, वेष्टनावर ९९०० एमएएच छापलेलं. इतक्या मोठ्या आकड्याचा या मापाचा सेल असूच शकत नाही, चांगल्यात चांगला ३५००च्या आसपास असतो. तरी तपासायला म्हणून एक घेतला. दुसरा दुसऱ्या दुकानातून, २६०० लिहिलेला, किंमत तिप्पट.

घरी येऊन आईच्या मसाल्याच्या काट्यावर दोन्ही ठेवले. २६००वाला भरला ४५ ग्रॅम, ९९००वाला २८. आई म्हणाली, “हलकी मिरची पिशवी हातात घेतली की कळते, फोडावी लागत नाही.” हलका सेल मी वापरणार नाही. रात्रभर छतावर विश्वासाने एकटी सोडायची वस्तू आहे ती.

२६ एप्रिल, पालघर

दोन संध्याकाळी आकडे मांडण्यात गेल्या. भरलेला लिथियम सेल ४.२ व्होल्ट देतो आणि वापरता वापरता तीनपर्यंत उतरतो. बोर्डाला हवेत ३.३. बोर्डावर जो रेग्युलेटर बसवून येतो त्याला स्वतःसाठीच एक-सव्वा व्होल्ट लागतो. म्हणजे सेल पूर्ण भरलेला असला तरी बोर्डाला धड ३.३ मिळणार नाहीत. कंपनीत आम्ही ट्रान्समीटर लावताना शेवटच्या टोकाला किती व्होल्ट उरतात ते आधी बघतो, तीच शिस्त इथे. तो रेग्युलेटर बाजूला ठेवून एचटी७८३३ लावायचा ठरवला. तो फार थोडं स्वतःकडे ठेवतो.

सेल भरायला टीपी४०५६चं छोटं मॉड्यूल. हे सेलला ४.२ व्होल्टपर्यंत नेतं आणि चार्जिंगचा प्रवाह ठरवलेल्याच्या दहाव्या हिश्श्यावर आला की थांबतं. पण त्याच सेलवर बोर्डही जोडलेला असला तर प्रवाह त्या हिश्श्याखाली उतरतच नाही. मॉड्यूलला वाटतं, सेल अजून भुकेला आहे. सेल दिवसरात्र ४.२वर टांगून राहतो आणि लवकर म्हातारा होतो. म्हणून वाट वेगळी करायची. लाईट असेल तेव्हा बोर्ड सरळ चार्जरवर चालावा आणि सेलने निवांत भरावं. लाईट गेली की सेलने पुढे यावं, आणि तेही बोर्डाला कळायच्या आत.

३ मे, माहीम

वाट बदलायचं हे काम एक पी-चॅनल मॉसफेट करतो. मी एओ३४०१ घेतला. तांदळाच्या दाण्याएवढा, तीन पायांचा. चिमट्यात धरून झारायचा म्हणजे श्वास रोखावा लागतो. चार्जरच्या पाच व्होल्टची एक तार त्याच्या गेटला. तिथे पाच व्होल्ट आहेत तोवर दार बंद, सेल अडलेला. पाच व्होल्ट गेले की एक लाख ओहमचा रेझिस्टर गेटला खाली जमिनीवर ओढतो, दार उघडतं आणि सेलची वीज बोर्डाकडे धावते. दुसरीकडे, चार्जरपासून बोर्डापर्यंत १एन५८१९ डायोड, म्हणजे सेलची वीज उलटी चार्जरकडे जाऊ नये. मधल्या क्षणासाठी एक हजार मायक्रोफॅरडचा कपॅसिटर.

अण्णा शेजारी बसून बघत होते. विचारलं, “हे दार कोण उघडतं?” कुणी नाही, म्हटलं, पलीकडचा दाब गेला की आपोआप उघडतं. “म्हणजे आपली उघाडी,” ते म्हणाले.

अगदी तीच. वाडीच्या खालच्या अंगाला खाडीच्या बांधात लाकडी फळीची उघाडी आहे. भरतीचं पाणी बाहेरून रेटलं की फळी मिटते आणि खारं पाणी आत येत नाही. ओहोटी लागली की आतलं पाणी फळी ढकलून निघून जातं. माणूस लागत नाही.

रात्री नऊला प्लग वीस वेळा काढला, वीस वेळा लावला. आकडा एकदाही तुटला नाही.

१६ मे, माहीम

सेल आणि बोर्डाची डबी आज छपरावर नेली, पत्र्याला लागून, नरसाळ्याच्या पायाशी. ऊन असं की पत्र्यावर हात टेकवत नव्हता. दुपारी दीडला सहज म्हणून प्लग काढला आणि बोर्ड रीसेट. पुन्हा काढला, पुन्हा रीसेट. सातला ऊन उतरल्यावर काढला तर नीट चालतंय. साडेसातलाही नीट.

असा दोष सगळ्यांत वाईट, कारण तो तपासायला बसलं की लपतो. कंपनीत एकदा एका टाकीचं लेव्हल मीटर फक्त दुपारच्या पाळीत चुकायचं, त्याचा दोष शोधायला दोन आठवडे लागले होते.

१७ मे, माहीम

आज रजा वाढवली. मुद्दाम भर दुपारी मल्टीमीटर घेऊन छपरावर गेले, डोक्यावर आईचा ओला पंचा. प्लग काढून मॉसफेटच्या गेटवर टोक टेकवलं. शून्याच्या जवळ दिसायला हवं होतं. दिसले ३.४ व्होल्ट. म्हणजे चार्जर नाही, तरी गेटला कुणीतरी वर धरून ठेवतंय. दार अर्धवटसुद्धा उघडत नाही. वीज मॉसफेटच्या अंगातल्या चोरवाटेने रडतखडत बोर्डाकडे जाते, वाटेत पाऊण व्होल्ट सांडते, आणि वायफायने घोट घेतला की बोर्ड कोसळतो. पण गेटला धरतंय कोण? तारा बघितल्या, सोल्डर भिंगाखाली बघितलं. सगळं स्वच्छ.

जेवताना अण्णांना सांगितलं. ते भात कालवता कालवता म्हणाले, “दुसऱ्या बाजूची फळी बघितलीस का? उघाडी मिटलेली दिसते, पण फळी कुजली की भरतीला आत पाझर लागतो. वरून कळत नाही.”

दुसऱ्या बाजूची फळी म्हणजे डायोड. १एन५८१९ हा शॉटकी जातीचा, वाटेत फार थोडे व्होल्ट खातो म्हणून मी तो निवडला. पण या जातीचा स्वभाव असा की उलट्या दिशेने थोडा पाझरतो, आणि तापला की पाझर कितीतरी पटीने वाढतो. रात्री नऊला घरात तो पाझर नगण्य होता. दुपारच्या पत्र्यावर तीच वीज उलटी झिरपून गेटपाशी साचत होती, आणि माझा एक लाख ओहमचा रेझिस्टर इतका बारीक की साचलेलं पाणी त्याच्यातून वेळेत वाहून जात नव्हतं.

रेझिस्टर बदलला. एक लाखाऐवजी दहा हजार ओहम. गेटवर आता ०.३ व्होल्ट. पुन्हा दहा वेळा प्लग काढला, पत्रा तापलेला असतानाच. एकही रीसेट नाही.

डबीसुद्धा छपरावरून काढली आणि पडवीत वाशाखाली लावली. लिथियम सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, आणि या स्वस्त मॉड्यूलवर तापमान बघणारी पिन सरळ जमिनीला जोडून टाकलेली असते, म्हणजे ते बघतच नाही. काळजी आपणच घ्यायची.

२१ मे, पालघर

जिन्यात खालचे काका भेटले. तारापूरच्या अणुकेंद्रात इलेक्ट्रिकल विभागात त्यांचा जन्म गेला. मी काय करतेय ते ऐकून आत बोलावलं, चहा झाला. म्हणाले, वीज बनवणाऱ्या केंद्रालाही बाहेरची वीज लागते, हे लोकांना पटत नाही. अणुभट्टी बंद केली तरी आतली उष्णता लगेच थांबत नाही, पंप चालूच ठेवावे लागतात. बाहेरची वीज गेली तर डिझेल जनरेटर, आणि मोजमापाच्या यंत्रांसाठी बॅटऱ्या. “त्या खोलीत कोणी पाहुणा नेत नाही,” म्हणाले. “पण आमचं लक्ष तिथेच असायचं.”

मग फुकुशिमाचं निघालं. ११ मार्च २०११. भूकंपाने बाहेरची वीज तुटली, डिझेल जनरेटर चालू झाले, पाऊण-एक तासाने त्सुनामीने ते बुडवले. एक आणि दोन क्रमांकाच्या युनिटमध्ये बॅटऱ्याही गेल्या. नियंत्रण कक्षातले काटे विझले. भट्टीत पाणी किती उरलंय, हे नेमकं त्या रात्री दिसेना. तेव्हा तिथल्या माणसांनी गाड्यांच्या बॅटऱ्या काढून आणल्या, तारांनी एकमेकींना जोडल्या आणि अंधारात टॉर्चच्या उजेडात पाण्याची पातळी वाचली. काका हे सांगताना टेबलावर बोटाने एकेक बॅटरी मांडत होते. तारापूरची पहिली दोन युनिटं १९६९ची, जनरल इलेक्ट्रिकच्या उकळत्या पाण्याच्या भट्ट्या. फुकुशिमाचं पहिलं युनिटही त्याच घराण्यातलं. म्हणून ती बातमी त्यांनी घरातल्यासारखी ऐकली होती.

माझं नरसाळं आणि अणुभट्टी यांची तुलना कुणी करू नये, मीही करत नाही. पण काटा विझला की माणूस आंधळा होतो, हे दोन्हीकडे सारखं.

२५ मे, पालघर

घड्याळाचं काम. सेल संपला तरी वेळ तुटू नये म्हणून डीएस३२३१ घड्याळाचं मॉड्यूल आहे. फार अचूक, वर्षाला मिनिटभर चुकलं तर चुकलं. त्याच्या पाठीला सीआर२०३२ नाण्याचा सेल बसतो. पण या मॉड्यूलवर सेल चार्ज करणारी एक वाट आधीच झारून दिलेली असते, आणि सीआर२०३२ पुन्हा चार्ज करायचा सेल नव्हे. पाच व्होल्टवर जोडलं तर तो फुगतो, क्वचित फुटतो. त्या वाटेवरचा छोटा रेझिस्टर गरम टोकाने उचलून काढला. दोन मिनिटांचं काम.

३१ मे, माहीम

आगोटीची कामं सगळीकडे. पन्हळी साफ केल्या, सरपण आत घेतलं. उद्यापासून मासेमारी बंद, सातपाटीच्या होड्या किनाऱ्याला लागतील.

आज प्रोग्रॅम बदलला. लाईट गेली की घरातला राऊटरही बंद, मग बोर्डाने वायफाय कुणासाठी चालू ठेवायचं? आता सेलवर आल्याबरोबर बोर्ड वायफाय बंद करून झोपतो. पात्र कललं की रीड स्विच त्याला उठवतो, तो आकडा आणि वेळ नोंदवतो, पुन्हा झोपतो. वायफायवर सरासरी शंभर मिलिअँपिअर लागत होते, म्हणजे सेल जेमतेम एक दिवस. बोर्डावरचा लाल दिवा उपटून टाकल्यावर झोपेत पाचच्या आत आले. हिशेबाने वीस दिवस निघतात. मी दहाच धरते.

मेमरी कार्डावर आता दर दहा मिनिटांनी फाईल बंद करून पुन्हा उघडते. पूर्वी ती सतत उघडी असायची आणि वीज तुटली की एकदा अख्खा दिवस शून्य बाईट होऊन बसला होता.

सोल्डरवर पारदर्शक नेलपॉलिशचे दोन हात दिले. इथल्या खाऱ्या वाऱ्यात उघडं तांबं दोन महिन्यांत हिरवं होतं.

८ जून, माहीम

मृग लागला. चार थेंब. सात वेळा कललं.

२५ जून, माहीम

काल रात्री मी इथेच होते, शेवटची गाडी चुकली म्हणून. अकरा बावन्नला लाईट गेली. आधी कुठेतरी कडाड आवाज, मग सगळा अंधार, पंख्याची घरघर विरत गेली. मी टॉर्च घेऊन पडवीत गेले. डबीला कान लावला. पावसाच्या आवाजात आधी काहीच येईना. मग आलं. टक्. थोड्या वेळाने टक्. बाराच्या पुढे ते इतकं भराभर झालं की भिंतीवर कुणी बोट वाजवतंय असं वाटावं.

अण्णा मागे येऊन उभे राहिले. “चालतंय?” “चालतंय.” ते तिथेच पाटावर बसले. दोघंही बराच वेळ बोललो नाही.

सकाळी साडेआठला मोजलं. यंत्रात ४३७ कल, म्हणजे १०९ मिलिमीटर. पात्रातून खाली पडलेलं सगळं पाणी मी कॅनमध्ये साठवते, ते मापाने मोजलं तर २२४० मिलिलिटर, म्हणजे १११. अण्णांच्या नळीत ११२. मुसळधार पावसात पात्र कलत असतानाही वरून धार पडत राहते, तेवढं मोजणीतून सुटतं. दोन-तीन मिलिमीटर सुटले, ते मी सोडून देते.

लाईट संध्याकाळी सहा चाळीसला आली. सेल तेव्हा ४.०३ व्होल्टवर होता.

२६ जून, पालघर

शटलमध्ये बसून तासातासाचे आकडे काढले. पालघर ते बोईसर, मधे एकटं उमरोळी, तेवढ्या वेळात होतं. बारा ते एक ९६ कल, एक ते दोन १४८, दोन ते तीन ८८. या तीन तासांतच ८३ मिलिमीटर. दिवसाचा आकडा १११ बघून हे कधी कळलं नसतं.

आणि परवाची तिथी द्वितीया. अण्णांचा हिशेब सरळ आहे : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. द्वितीयेला दीड. म्हणजे रात्रीचा सगळ्यात मोठा पाऊस नेमका भर भरतीला पडला, उघाडी मिटलेली असताना. वाडीच्या दहा गुंठ्यांवर ८३ मिलिमीटर म्हणजे ८४ हजार लिटर पाणी, आणि ओहोटी लागेपर्यंत त्याला वाट नाही. सकाळी पानवेलींच्या मुळाशी वीतभर पाणी का होतं, ते असं. गेल्या वर्षी याहून जास्त पाऊस पडलेल्या दिवशी वाडी कोरडी राहिली होती. तेव्हा अण्णा म्हणायचे, पावसाचं काही खरं नाही. पाऊस खराच होता, आमच्याकडे त्याची वेळ नव्हती.

१९ जुलै, माहीम

तरणा पाऊस संपला, म्हातारा लागेल. लाईट या महिन्यात सहा वेळा गेली. फाईलमध्ये कुठेही तुटलेलं नाही.

अण्णांनी वहीत नवीन रकाना आखलाय. पूर्वी तारीख आणि माप एवढंच असायचं. आता तिथी, भरतीची वेळ, आणि तिच्या आगेमागे तीन तासांत किती पडला. मी फोनवर आकडे सांगते, ते लिहून घेतात आणि पुन्हा वाचून दाखवतात, चूक नको म्हणून.

आज म्हणाले, “एक उघाडीपाशी लावू. आत पाणी किती चढतं ते कळेल.”

तिथे लाईटचा खांबच नाही, मी म्हटलं.

“मग नुसत्या बॅटरीवर.”

दुपारी ओहोटीला दोघं बांधावर गेलो. फळी उघडी होती, आतलं गढूळ पाणी जोरात निघत होतं. अण्णांनी काठी बुडवून खोली घेतली, मी टेपने बांधाची उंची. सेल मात्र वेगळा घ्यावा लागेल, लोह-फॉस्फेटचा, उन्हाला जास्त टिकणारा. तो ३.६ व्होल्टलाच भरायचा असतो, त्याचा चार्जर निराळा. डबी कुठल्या उंचीवर बांधायची याची खूण अण्णांनी कोयत्याने खांबावर केली, उधाणाच्या रेषेच्या दीड हात वर.